मातृभाषेच्या रकान्यात सांगितलं तेच लिहा: जनगणना आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत, नवी दिल्ली
मा. संचालक, जनगणना कार्यालय, महाराष्ट्र
प्रत माहितीसाठी: मराठी भाषा विभाग, आदिवासी विकास विभाग आणि शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: २०२७ च्या जनगणनेत मातृभाषेची नोंद कशी व्हावी

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकसंख्या मोजणीचा टप्पा आहे आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक. तब्बल सोळा वर्षांनी देशाची शिरगणती होते आहे. या वेळी जातीची नोंद होणार असल्यानं वर्तमानपत्रापासून गावच्या पारापर्यंत त्याच रकान्याची चर्चा आहे. २०११ च्या तक्त्यात जात-जमातीचा प्रश्न आठवा होता, आणि त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर दहावा: मातृभाषा. त्याच्यापुढे अकरावा: येत असलेल्या इतर भाषा. हे पत्र त्या दोन प्रश्नांपुरतंच आहे.

सरकारनं सांस्कृतिक विविधता जपावी का, यावर दुमत असू शकतं. भाषा टिकवायची ती बोलणाऱ्यांनी, सरकारनं त्यात पडू नये, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्यही आहे. कुठलाही शासन निर्णय काढून आई लेकराशी कोरकूत बोलायला लागत नाही. पण सरकार या व्यवहारात आधीपासूनच आहे. शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचं ते सरकार ठरवतं, तलाठ्याच्या नोटिशीची भाषा सरकार ठरवतं, आणि कोणत्या भाषेला नाव मिळेल नि कोणती ‘इतर’च्या पोत्यात जाईल, तेही सरकारच ठरवतं. म्हणून आमची मागणी महोत्सवाची, भवनाची किंवा पुरस्काराची नाही. माणसानं आपली भाषा म्हणून जे नाव सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घ्या, जपून ठेवा आणि छापा. जपणुकीची सुरुवात एवढ्यापासून होते आणि आपल्याकडे ती इथेच अडते.

कशी अडते ते २०११ च्या आकड्यांतून स्पष्ट दिसतं. त्या वर्षी लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९,५६९ नावं आपल्या कार्यालयाकडे जमा झाली. त्यांत एकाच नावाची वेगवेगळी लिहिणावळ होती, गावांची आणि जातींची नावं होती, उघड चुका होत्या. छाननी करून त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावं ‘अवर्गीकृत’ ठरवून एकत्र मोजली गेली. १,३६९ पैकी ज्या भाषा देशभरात किमान १०,००० लोकांनी सांगितल्या, अशा फक्त २७० मातृभाषांचे आकडे नावानिशी प्रसिद्ध झाले. पुढे या २७० नावांची १२१ भाषांमध्ये मांडणी झाली: २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आणि ९९ बाहेरच्या. हे तक्ते लोकांच्या हाती आले ते २०१८ मध्ये, मोजणीनंतर सात वर्षांनी.

या गाळणीला आमचा सरसकट विरोध नाही. १९,५६९ नावं जशीच्या तशी छापली तर ती कुणाच्याच कामाची नाहीत, हे आम्हाला कळतं. आक्षेप एवढाच, की गाळणीच्या प्रत्येक टप्प्यावर काय कशात घातलं आणि कोणत्या निकषावर, हे वाचणाऱ्याला तपासता येत नाही. एखाद्या भाषेचा आकडा दहा वर्षांत घटला, तर बोलणारे घटले, त्यांनी दुसरं नाव सांगितलं, की कार्यालयात ते नाव दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं, हे कळायला मार्ग नाही.

महाराष्ट्रात हा घोळ इतका का होतो, त्याला कारण आहे. या एका राज्यात भाषांची चार वेगळी घराणी नांदतात. मराठी, अहिराणी, भिली, वारली या इंडो-आर्यन. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविडी. मेळघाटातली कोरकू ही मुंडा, म्हणजे संथाली-मुंडारीच्या गोतातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला बोलली जाणारी निहाली तर कोणत्याच ज्ञात घराण्यात बसत नाही. तिच्यासारखी दुसरी भाषा जगात सापडलेली नाही.

आता गठ्ठे पाहा. ‘भिली/भिलोडी’ या एका मथळ्याखाली पावरी, मावची, वसावा, तडवी, पारधी, कोकणा आणि वारली एकत्र येतात. मथळ्याचा आकडा एक कोटी चार लाखांच्या घरात जातो. एकीकडे तो भारदस्त दिसतो, दुसरीकडे अक्कलकुव्याच्या डोंगरातली भाषा आणि डहाणूच्या पाड्यावरची भाषा एकच असल्याचा समज करून देतो. वारली भिलीपेक्षा मराठीच्या जवळची आहे असं मांडणारे अभ्यासक आहेत. तो वाद जनगणनेनं सोडवावा अशी आमची अपेक्षा नाही. तिनं तो न सांगता सोडवून टाकू नये, इतकंच.

बंजारा समाजाच्या भाषेचं उदाहरण तर जास्तच बोलकं आहे. तांड्यावरची माणसं स्वतःला गोरमाटी म्हणतात, भाषेला गोरमाटी किंवा गोरबोली. २०११ च्या तक्त्यात ही भाषा दोन नावांनी येते: ‘लमाणी/लंबाडी’, ३२ लाखांहून अधिक, आणि ‘बंजारी’, १५ लाखांहून अधिक. दोन्ही नोंदी हिंदीच्या मथळ्याखाली. बेरीज केली तर ४८ लाखांहून अधिक होतात. आठव्या अनुसूचीतल्या बोडो, डोगरी, मणिपुरी या भाषांपेक्षा हा आकडा मोठा आहे. पण बेरीज कुणी करत नाही, कारण नावं दोन आहेत आणि मथळा तिसऱ्याचाच आहे. वडारी अशीच तेलुगूखाली आहे.

सारख्या दिसणाऱ्या नावांचा फटका वेगळा. नंदुरबारची पावरी भिलीखाली आहे, तर गोंदिया-भंडाऱ्याकडची पोवारी हिंदीखाली. देवनागरीत एक मात्रा इकडची तिकडे झाली, किंवा कुणी ‘पवारी’ लिहिलं, की नोंद सातशे किलोमीटरवर जाऊन पडते. ‘कोकणी’ हा शब्द तर तिहेरी आहे. नाशिक-पालघर पट्ट्यातल्या कोकणा आदिवासींची भाषा, गोव्याची कोंकणी आणि रत्नागिरीकडचा माणूस आपल्या बोलीला जे म्हणतो ते, तिन्ही एकाच अक्षरांत लिहिली जातात. सुरगाण्यातल्या पाड्यावर प्रगणकानं, म्हणजे घरोघर माहिती लिहून घेणाऱ्यानं, ‘कोकणी’ लिहिलं तर पुढे ती नोंद कुठे जमा झाली हे सांगता येणार नाही. गोंड माणूस स्वतःला कोयतूर म्हणवतो आणि भाषेला पुष्कळदा ‘कोया’ म्हणतो. पण कोया ही तक्त्यात तेलंगण-आंध्राकडची स्वतंत्र भाषा आहे. माडिया, मारिया, माडिया गोंडी हे एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकतं. निहाली बोलणारे स्वतःला ‘कल्टो’ म्हणतात. हा शब्द आयुष्यात न ऐकलेला प्रगणक काय लिहील, याचा अंदाज आपणही करू शकता.

निहालीवर थोडं थांबायला हवं. ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार आहेत, असं अभ्यासक धरतात. म्हणजे दहा हजारांच्या अटीमुळे जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यात तिचं नावच येऊ शकत नाही. १९६१ च्या जनगणनेनं १,६५२ मातृभाषा नावानिशी छापल्या होत्या, अगदी मूठभर लोकांनी सांगितलेल्यासुद्धा. १९७१ पासून दहा हजारांच्या आतली नावं छापणं बंद झालं. आणि याच केंद्र सरकारनं २०१३ मध्ये संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना आणली, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेकडे सोपवली, आणि ती कोणत्या भाषांसाठी? दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशांसाठी. एका हातानं ज्या भाषांची नावं पुसायची, त्यांनाच दुसऱ्या हातानं शोधत फिरायचं. योजनेतल्या माणसांना गाव कोणतं, बोलणारे किती, वय काय, बायका किती पुरुष किती, हे सगळं नव्यानं गोळा करावं लागतं; आणि हीच माहिती जनगणनेच्या कागदांत पडून असते.

दहा हजारांची अट काढून टाका. गोपनीयतेची अडचण असेल तर तिचा उपाय सोपा आहे. जनगणना कायदा १९४८ प्रमाणे कुटुंबाची माहिती उघड करता येत नाही, ते योग्यच आहे. पण राज्य पातळीवर ‘निहाली: इतके’ छापल्यानं कुणाचं घर ओळखू येत नाही. एखाद्या तालुक्यात शंभराच्या आत आकडा असेल तर तिथे फक्त ‘१०० पेक्षा कमी’ असं छापा. भाषेचं नाव तरी त्या तालुक्यापुढे उभं राहील.

आता उंबऱ्यावर काय घडतं ते.

आपल्या सूचना-पुस्तिकेबद्दल आमची तक्रार नाही, हे आधी सांगतो. २०११ च्या पुस्तिकेत मातृभाषेची व्याख्या चोख होती: त्या व्यक्तीशी तिची आई लहानपणी ज्या भाषेत बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी. सांगितलेली भाषा दुसऱ्या भाषेची बोली आहे का, हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही, त्यानं वाद घालू नये, सांगितलं ते पूर्ण नावानिशी लिहावं, असंही तीत स्पष्ट होतं. एखाद्या भागात संघटितपणे वेगळी भाषा सांगितली जाते असा संशय आला तरी आधी सांगितलेलीच लिहायची आणि मग वरिष्ठांना कळवायचं. याहून चांगला नियम करता येणार नाही. तो पाळला जात नाही, एवढंच.

पहिली चूक प्रश्न विचारण्यात होते, किंबहुना न विचारण्यात. प्रगणक बहुतेक जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असतो, आणि आदिवासी पट्ट्यातही तो सरसकट ‘मराठी’नं भरायची सवय हाताला लागलेली असते. तोच हात जनगणनेचा तक्ता भरतो. विचारलंच तर ‘मातृभाषा मराठीच ना?’ असं विचारलं जातं, आणि दारात आलेल्या सरकारी माणसाला नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही. मुळात ‘मातृभाषा’ हा शब्दच पाड्यावर वापरात नाही. त्याऐवजी ‘तुम्ही लहान होतात तेव्हा आई तुमच्याशी कसं बोलायची? त्या बोलण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे दोन प्रश्न विचारले की उत्तर बदलतं. व्याख्येत जे आहे तेच, फक्त माणसाला समजेल अशा बोलीत. ही दोन वाक्यं कोरकू, गोंडी, कोलामी, पावरी, मावची, वारली, कोकणा, कातकरी आणि गोरमाटीत लिहून घेऊन प्रगणकाच्या हाती द्यावीत. सारा मजकूर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावतो.

दुसरी चूक एकाच्या उत्तरावर घरातल्या सगळ्यांची भाषा भरण्याची. कर्त्या पुरुषाची भाषा खालपर्यंत ओढली जाते. यवतमाळमध्ये मराठी बोलणाऱ्या कोलाम घरात कोलामी बोलणारी सून आलेली असू शकते. तिची मातृभाषा कोलामी आणि तिच्या मुलांचीही, व्याख्येप्रमाणे, ती त्यांच्याशी ज्या भाषेत बोलते ती. उलटंही घडतं. एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन नोंदी असू शकतात, आणि भाषा कोणत्या पिढीत सुटली हे कळण्याचा देशव्यापी असा हा एकमेव पुरावा आहे. वयानुसार मातृभाषेचा तक्ता मिळाला तर साठीच्या पुढचे किती आणि दहाच्या आतले किती, एवढ्या दोन आकड्यांवरून भाषेची प्रकृती समजते. ‘वरीलप्रमाणे’ ही खूण किंवा मोजणीच्या मोबाइल अॅपमधली ‘सर्वांना लागू करा’ ही सोय या एका प्रश्नापुरती बंद ठेवावी.

तिसरी चूक जमातीवरून भाषा ताडण्याची. जमातीच्या रकान्यात गोंड लिहिलं की पुढे गोंडी, किंवा त्याच्या उलट, ‘हे आता मराठीच बोलतात’ म्हणून मराठी. वर्धा-नागपूरकडची कित्येक गोंड कुटुंबं पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात. गडचिरोलीत भामरागडकडे चित्र अगदी वेगळं आहे. ताडून लिहिलेलं गोंडी आणि ताडून लिहिलेलं मराठी, दोन्ही सारखंच खोटं. आम्हाला कोणत्याही भाषेचा आकडा फुगवून नको आहे. कोलामांची भाषा निम्म्या घरांतून गेली असेल तर तेही खरं खरं कळू दे.

चौथी अडचण लाजेची आहे. ‘आमची कसली भाषा, गावठी बोलतो आम्ही’ हे उत्तर सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जळगाव-धुळ्याकडे घरात अहिराणी बोलणारा माणूस कागदावर मराठी सांगतो. २०११ मध्ये ‘खानदेशी’ या मथळ्याखाली, म्हणजे अहिराणी, डांगी वगैरे धरून, साडेअठरा लाख नोंदी आहेत. एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा बेचाळीस लाखांवर होती. मालवणीचंही तसंच. जनगणना तिला कोंकणीखाली घालते आणि बोलणारे बहुतेक मराठी सांगतात. यात माणसानं जे सांगितलं ते त्याचं उत्तर आहे, आणि ते बदलण्याचा हक्क कुणालाच नाही, आम्हालाही. पण ‘गावठी’ हे नाव नव्हे. अशा वेळी प्रगणकानं एकदाच, न दटावता, ‘त्याला काही नाव आहे का?’ एवढं विचारावं, आणि तरी उत्तर ‘मराठी’ आलं तर मराठी लिहून पुढे जावं.

इतर येणाऱ्या भाषांचा प्रश्न घाईत टाळला जातो. तो टाळू नये. मातृभाषा मराठी सांगणाऱ्याच्या इतर भाषांत कोरकू आली, तर निदान भाषा घरात आहे हे कळतं. दोन भाषांचीच जागा असते; तिथे प्रतिष्ठेच्या क्रमानं हिंदी-इंग्रजी आधी भरल्या की घरची भाषा बाहेर राहते. जी जास्त चांगली बोलता येते ती आधी, असा क्रम पाळावा.

या वेळची मोजणी मोबाइलवर होणार आहे, हा मोठाच बदल. त्यातून चांगलंही निघू शकतं आणि नुकसानही. कागदावर प्रगणक काहीही लिहू शकत होता. पडद्यावर यादी दिसली की बोट पहिल्या ओळखीच्या नावावर पडतं. म्हणून अॅपबद्दल चार गोष्टी आग्रहानं सांगतो. मातृभाषेच्या जागी आधीच भरलेलं काही नसावं, राज्याची भाषा तर नाहीच. यादीत प्रत्येक भाषा तिच्या सगळ्या नावांनी सापडावी: गोरमाटी, गोरबोली, बंजारी, लमाणी, लंबाडी यांपैकी काहीही टाइप केलं तरी ते नाव दिसावं आणि तेच नाव साठवलं जावं, परस्पर दुसऱ्यात बदलू नये. यादीत नसलेलं नाव लिहायला मोकळी जागा असावी, आणि ‘इतर’ निवडल्यावर नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. चौथी गोष्ट, त्या मोकळ्या जागेत देवनागरीत लिहिता यावं. रोमन अक्षरांत ‘कोलामी’तला ल आणि ‘कोळी’तला ळ एकच होतात, आणि छाननी करणाऱ्याला मूळ उच्चार कधीच मिळत नाही.

स्वगणनेची, म्हणजे स्वतःच माहिती भरण्याची सोय आहे तिचाही उल्लेख करायला हवा. पुण्यात, नाशकात शिकणारी पावरा, कोकणा, गोंड मुलं गावाकडच्या घराची माहिती नीट भरू शकतील. पण प्रगणक पडताळणीला आल्यावर त्यानं मातृभाषेची नोंद ‘दुरुस्त’ करू नये. केली तर आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही उत्तरं साठवली जावीत.

फेब्रुवारी महिन्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ऊसतोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. फेब्रुवारीत तांड्यांवरची हजारो गोरमाटी कुटुंबं आणि नंदुरबारच्या डोंगरातली भिल्ल-पावरा कुटुंबं कोल्हापूर, सांगली, पुणे जिल्ह्यांत किंवा थेट गुजरात-कर्नाटकात फडावर असतात. रायगड-पालघरचे कातकरी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर असतात. मेळघाटातून कामाला बाहेर पडलेले कोरकू होळीला परततात आणि मोजणी त्याआधीच उरकलेली असते. ही माणसं मोजली जातील ती कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, किंवा भट्टीवर, दिवसभराच्या कामानंतर, आणि मोजणारा प्रगणक अशा गावातला असेल जिथे पावरी हे नावही कुणी ऐकलेलं नाही. तिथे ‘मराठी’ लिहिलं जाण्याची शक्यता सर्वाधिक. साखर कारखान्यांकडे टोळ्यांची आणि मुकादमांची यादी असते, तीत मूळ गाव-तालुका असतो. जिल्हा प्रशासनानं ती जानेवारीत मागवून संबंधित प्रगणकांना द्यावी, आणि त्यांना त्या मूळ तालुक्यांच्या भाषांची नावं प्रशिक्षणातच सांगावीत. रात्री आठनंतर किंवा कारखान्याच्या सुटीच्या दिवशी जावं. पहाटे चारला फडावर निघालेली बाई दुपारी कोपीवर सापडत नाही.

तपासणीची पद्धतही सुचवतो. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे माणसं, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे घरं असतात; हा त्याचा गट. आदिवासी तालुक्यांत पर्यवेक्षकानं प्रत्येक गटातल्या पाच घरांत जाऊन फक्त मातृभाषेचा प्रश्न पुन्हा विचारावा. पाचपैकी दोन ठिकाणी उत्तर वेगळं आलं तर त्या गटाचा हा एक रकाना पुन्हा भरावा. संपूर्ण गटात एकच भाषा शंभर टक्के आली, तर अॅपनं पर्यवेक्षकाला आपोआप खूण दाखवावी. गावं क्वचितच इतकी एकभाषिक असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं जाईल. राज्यघटनेच्या कलम २९ नं वेगळी भाषा, लिपी, संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. कलम ३५० क नं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. पण हे हक्क कागदावरून वर्गात येतात ते आकड्यांच्या दारातून. एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यायचा, हा संकेत १९४९ पासूनचा. एखाद्या भागात १५ टक्के लोक त्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढायच्या, हाही जुनाच. धारणी-चिखलदऱ्याच्या दाखल्यांवर आणि जनगणनेत दोन्हीकडे ‘मराठी’ असेल, तर कोरकू बोलणाऱ्या शिक्षकाची मागणी कशाच्या आधारावर करायची? पहिलीत बसलेलं मूल बाईंचं बोलणं समजत नाही म्हणून गप्प असतं, आणि कागद सांगतो की ते आपल्या मातृभाषेतच शिकतंय. आरोग्याचंही तेच. मेळघाटात दुभाष्याचं पद मंजूर करून घ्यायचं तर पहिला प्रश्न येतो, किती लोक?

मराठी माणसांच्या मनातली एक भीती इथेच बोलून टाकू. या भाषा वेगळ्या मोजल्या तर मराठीचा आकडा घटेल, असं काहींना वाटतं. २०११ मध्ये मराठी सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. कोरकू सव्वासात लाख, देशभरातले, कोलामी सव्वा लाखाच्या आसपास. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यात तिच्या शिलालेखांचं आणि ग्रंथांचं वय मोजलं गेलं. तिच्या शब्दांत आणि गावांच्या नावांत कानडी-गोंडी-भिलीचं किती मिसळलंय, हेही तिच्याच इतिहासात येतं. तिला कोरकूच्या सव्वासात लाखांची उसनवारी लागत नाही.

छपाईबद्दल आता थोडक्यात. मातृभाषेचे तक्ते या वेळी २०२८ पूर्वी यावेत. मोजणी डिजिटल असताना सात वर्षं लागायला नकोत. सोबत तीन थर द्यावेत: लोकांनी सांगितलेली मूळ नावं जिल्हावार, छाननीनंतरची मातृभाषा आणि शेवटचा मथळा. कोणतं नाव कशात गेलं याची एक साधी सारणी असावी, आणि निकष लेखी असावेत. तालुकावार व वयोगटवार तक्ता आदिवासी उपयोजना क्षेत्रापुरता तरी आधी द्यावा. ‘अवर्गीकृत’ म्हणून बाजूला पडणाऱ्या नावांसाठी आपल्याच भाषा विभागानं त्या गावात जाऊन दोनशे-सव्वादोनशे मूळ शब्दांची यादी ध्वनिमुद्रित करावी. ही जुनी, रुळलेली पद्धत आहे आणि एका बोलणाऱ्यामागे दोन-तीन तासांत होते. त्याच विभागानं मातृभाषा सर्वेक्षणात ५७६ भाषांचं चित्रीकरण पूर्ण केल्याचं गृह मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. ती चित्रीकरणं बोलणाऱ्यांच्या संमतीनं खुली करावीत. ज्या गावात ती झाली, तिथल्या शाळेला तरी एक प्रत मिळावी.

राज्याच्या तिन्ही विभागांना एवढंच: दाखल्यावरचा मातृभाषेचा रकाना या शैक्षणिक वर्षापासून आईला विचारून भरायचा, असं एका ओळीचं परिपत्रक शालेय शिक्षण विभागानं काढावं. प्रगणक तेच शिक्षक असल्यानं फेब्रुवारीची अर्धी तयारी तिथेच होईल. आदिवासी विकास विभागानं प्रत्येक प्रकल्प कार्यालयाकडून तालुकावार भाषांची नावं, बोलणाऱ्यांनी स्वतः वापरलेली, जमा करून जनगणना संचालकांकडे डिसेंबर संपण्याआधी द्यावीत. मराठी भाषा विभागानं त्या नावांची देवनागरी लिहिणावळ एकदा तपासून द्यावी, म्हणजे पावरी-पोवारी आणि कोकणा-कोंकणीचा घोळ अॅपमध्ये शिरण्याआधीच निस्तरता येईल.

अशा याद्यांचं प्राथमिक काम नंदुरबार, पालघर, नाशिक, अमरावती, यवतमाळ, गडचिरोली आणि बुलढाणा या सात जिल्ह्यांपुरतं आम्ही करून देऊ. प्रत्येक भाषेसाठी तीन गोष्टी असतील: बोलणारे तिला काय म्हणतात, शेजारचे काय म्हणतात, आणि ती कोणत्या गावांत ऐकू येते. जळगाव जामोदच्या यादीत पहिली ओळ ‘कल्टो, निहाली’ अशी असेल. तालुक्याच्या प्रशिक्षणाची तारीख ठरली की कळवा, म्हणजे यादी त्याआधी पोचवता येईल.

आपले,
महाराष्ट्रातल्या भाषांच्या नोंदीचं काम करणारे